दहा सेकंदांची साक्ष

दापोलीच्या दवाखान्यातून ईसीजी काढून आंजर्ल्याला परतणाऱ्या माणसाच्या हातात जो गुलाबी चौकटींचा कागद असतो, त्याविषयी त्याला स्वतःला बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते, आणि ती म्हणजे डॉक्टरांनी तो पाहून 'नॉर्मल आहे' असे म्हटले ही. तेवढ्यावर समाधान मानून तो कागद घरी आल्यावर सातबाऱ्याचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक ज्या पिशवीत असते तिच्यात घडी घालून ठेवला जातो. तत्पूर्वी त्याचा एक फोटो व्हॉट्सॲपवरून डोंबिवलीस अथवा विरारला राहणाऱ्या मुलाकडे रवाना झालेला असतो. आणि मुलगाही त्या उंचसखल रेघांकडे क्षणभर पाहून, वडिलांइतक्याच अज्ञानाने आणि वडिलांइतक्याच निर्धास्तपणाने, 'बरं झालं' एवढे उत्तर धाडून आपल्या कामास लागतो. रोगाचे निदान करणे हे डॉक्टरांचे काम, आणि ते त्यांचेच राहावे. परंतु निरोगी हृदयाचा आलेख कसा दिसतो, तो कशाची ग्वाही देतो आणि कोणत्या प्रश्नाला त्याच्यापाशी मुळी उत्तरच नसते, एवढे समजून घेण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. थोडी सबुरी आणि एक सहा इंची पट्टी हाताशी असली म्हणजे पुरे.

प्रथम ध्यानात ठेवावयाचे ते हे की, ईसीजी हे हृदयाचे चित्र नव्हे. हृदय आकाराने केवढे आहे, त्याच्या झडपा नीट मिटतात की नाही, एका आकुंचनासरशी ते किती रक्त पुढे लोटते, यांपैकी काहीच त्या कागदावर प्रत्यक्ष उमटत नाही. उमटते ती केवळ वीज. हृदयाच्या स्नायूची प्रत्येक पेशी विश्रांतीच्या अवस्थेत आतून ऋणभारित असते, बाहेरच्या मानाने सुमारे 90 मिलिव्होल्टनी. सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांच्या भारित कणांची पेशीच्या आवरणातून ठरलेल्या क्रमाने ये-जा सुरू झाली की हा भार क्षणार्धात पालटतो, शेजारच्या पेशीला तीच चेतना मिळते, आणि अशा रीतीने पेशीमागून पेशी करीत विद्युत्चेतनेची एक लाट संपूर्ण हृदयावरून जाते. आकुंचन होते ते या लाटेच्या पाठोपाठ. मनुष्याचे शरीर आतून खारट पाण्याने ओतप्रोत असल्यामुळे या घडामोडीचा क्षीण पडसाद थेट त्वचेपर्यंत पोचतो. तेथे त्याची मात्रा उणीपुरी एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग, एवढीच असते. एवढीशी वीज पकडून, वाढवून, सरकत्या कागदावर रेघेच्या रूपाने उतरविणे हेच या यंत्राचे कार्य.

धडधडत्या हृदयात वीज निर्माण होते हे शास्त्रज्ञांना यंत्राच्या कितीतरी आधी उमगले होते. 1856 साली क्योलिकर आणि म्युलर या दोघा शास्त्रज्ञांनी बेडकाच्या पायाचा मज्जातंतू दुसऱ्या बेडकाच्या धडधडत्या हृदयावर ठेवला, तेव्हा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो अलग केलेला पाय झटका देऊ लागला. पुढे 1887 साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी पाऱ्याच्या सूक्ष्म नळीचे विद्युन्मापक वापरून, मनुष्याच्या छातीला चीर न देता, हृदयाची वीज प्रथमच नोंदविली; आपला जिमी नावाचा कुत्रा मिठाच्या पाण्यात पाय बुडवून उभा करून त्याच्या हृदयाची वीज ते विद्वानांच्या सभेत दाखवीत असत. तथापि पाऱ्याची ती नळी मंद होती, आणि तिच्या नोंदीत बारकावे पुसले जात. हा दोष दूर करण्याचे श्रेय विलेम आयन्थोव्हन यांचे. 1860 मध्ये जावा बेटावरील सेमारांग येथे जन्मलेल्या आणि पुढे हॉलंडात लायडन विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या या गृहस्थांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात ताणून बसविला आणि त्याच्या कंपनाची विस्तारित छाया सरकत्या छायाचित्रपट्टीवर धरली. त्यांचे ते यंत्र सुमारे 270 किलो वजनाचे होते, ते चालवावयास पाच माणसे लागत, आणि रुग्णास दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. आलेखावरील चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे त्यांनीच दिली, ती आजतागायत कायम आहेत. 1924 सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामगिरीबद्दल मिळाले.

ही अक्षरे ज्या घटनाक्रमाची निशाणी आहेत तो समजला की आलेखाची निम्मी दुर्बोधता नाहीशी होते. हृदयाला चार कप्पे: वरचे दोन, ज्यांना अलिंद म्हणतात, ते रक्त स्वीकारणारे आणि पातळ भिंतींचे, खालचे दोन, ज्यांना निलय म्हणतात, ते रक्त बाहेर फेकणारे आणि जाड भिंतींचे. उजव्या अलिंदाच्या वरच्या अंगाला, जेथे शरीराच्या ऊर्ध्वभागातील अशुद्ध रक्ताची मोठी शीर येऊन मिळते, तेथे विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला सायनस गाठ म्हणतात. तिचा शोध कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 साली प्रसिद्ध केला. या पेशींना बाहेरून कोणी चेतवावे लागत नाही. त्या आपण होऊन मिनिटाला 60 ते 100 वेळा चेतना उत्पन्न करतात. जुन्या राज्यकारभाराच्या भाषेत सांगावयाचे तर ही हुजूरची कचेरी. तिच्यातून सुटलेला हुकूम दोन्ही अलिंदांवरून पसरतो, आणि तो पसरत असता कागदावर जो लहानसा, गोलसर उंचवटा उमटतो तो पी.

अलिंद आणि निलय यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या तंतुमय ऊतीचा पडदा असतो, आणि त्यातून पलीकडे जाण्याची निरोगी माणसात एकच वाट असते. त्या वाटेच्या तोंडाशी दुसरी एक गाठ आहे. सुनाओ तावारा या जपानी वैद्याने जर्मनीत काम करीत असताना 1906 साली तिचे वर्णन केले. या गाठीत हुकूम सुमारे एक दशांश सेकंद थांबतो, आणि हा विलंब अत्यंत प्रयोजनपूर्वक आहे. कारण तेवढ्या अवधीत अलिंद आकुंचन पावून आपल्यापाशी उरलेले रक्त निलयांत ओततात, आणि निलय पुरते भरल्यावरच त्यांना पुढील कामाची आज्ञा मिळते. या विरामात कागदावर रेघ सपाट राहते. त्यानंतर हुकूम 'हिसचे जुडगे' नावाच्या तंतूंच्या मोळीतून डाव्या-उजव्या शाखांत आणि तेथून पुरकिन्ये तंतूंच्या जाळ्यात शिरतो, आणि निलयांच्या जाडजूड भिंतींना जवळजवळ एकाच वेळी गाठतो. स्नायूचे प्रमाण मोठे म्हणून रेघेची उंची मोठी, आणि प्रसार शीघ्र म्हणून तिची रुंदी थोडी: असा जो टोकदार शिखराचा आकार दिसतो तो क्यूआरएस. पहिली खाली उतरणारी बारीक रेघ क्यू, वर चढणारी आर, आणि तिच्यामागून पुन्हा खाली जाणारी एस. या तिन्ही प्रत्येक ठिकाणी असतीलच असे नाही. पुढे काही काळ रेघ पुन्हा समतल होते, हा एसटीचा टप्पा. आणि शेवटी निलयांच्या पेशी आपला मूळ विद्युत्भार परत मिळवितात, तेव्हा जो रुंद, सावकाश चढणारा आणि किंचित जलद उतरणारा उंचवटा येतो तो टी. अलिंदही याच रीतीने पूर्वस्थितीवर येतात. पण ते निलयांच्या धामधुमीच्या वेळीच येत असल्यामुळे त्यांची नोंद क्यूआरएसच्या आड लपून जाते.

हुजूरची कचेरी बंद पडली तर कारभार एकदम थांबू नये अशी तजवीजही निसर्गाने करून ठेवली आहे. मधली गाठ आणि तिच्या लगतचा भाग मिनिटाला 40 ते 60 च्या गतीने, आणि तेही साधले नाही तर निलय स्वतः 20 ते 40 च्या गतीने, आपापला हुकूम काढू शकतात. परंतु सर्व यंत्रणा शाबूत असता वरिष्ठाचा हुकूम आधी पोचतो आणि कनिष्ठांना स्वतःचा काढण्याची वेळच येत नाही. ईसीजीवर 'सायनस ऱ्हिदम' असे जे छापून येते त्याचा अर्थ इतकाच, की अधिकार ज्याचा त्याच्याच हाती आहे. मात्र येथे एक भेद विसरता कामा नये. ईसीजी हे हुकुमाचे दप्तर आहे, तामिलीचे नव्हे; हुकूम ठरलेल्या मार्गाने व ठरलेल्या वेळात गेला याची खात्री त्यावरून पटते, पण स्नायूने तो किती जोमाने बजावला हे पाहावयाचे असेल तर टूडी इकोसारखी निराळी तपासणी करावी लागते.

आता कागद. त्यावरील सर्वांत लहान चौकट एक मिलिमीटरची असते, आणि अशा पाच चौकटींची मिळून एक मोठी, ठळक रेघांची. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणून आडव्या दिशेने लहान चौकट म्हणजे 0.04 सेकंद, मोठी चौकट म्हणजे 0.20 सेकंद, आणि मोठ्या पाच चौकटी म्हणजे एक पूर्ण सेकंद. उभ्या दिशेने 10 मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. यंत्र हे प्रमाण पाळीत आहे की नाही याचा पुरावा म्हणून रेघेच्या एका टोकास दोन मोठ्या चौकटी उंचीची एक चौकोनी खूण उमटलेली असते. ती निम्म्या उंचीची दिसली तर सारा आलेख निम्म्या प्रमाणावर काढलेला आहे असे समजावे. बहुतेक कागदांच्या तळाशी दुसऱ्या लीडची (लीड म्हणजे हृदयाकडे पाहण्याची एक ठरलेली दिशा; तिच्याविषयी पुढे) एक लांब, अखंड पट्टी असते. तिच्यातील आरच्या लगतच्या दोन शिखरांमध्ये मोठ्या चौकटी किती आहेत ते मोजावे आणि 300 ला त्या संख्येने भागावे, की मिनिटाचे ठोके निघतात. तीन चौकटी असल्यास 100, चार असल्यास 75, पाच असल्यास 60. शिखरांमधील अंतरे सारखी नसतील तर हा हिशेब फसतो. अशा वेळी दहा सेकंदांच्या पट्टीतील शिखरे मोजून त्यांना सहाने गुणावे. प्रौढ माणसाचा विश्रांतीतील ठोका 60 ते 100 यांच्या दरम्यान असणे हे सर्वसाधारण मान.

गतीनंतर पाहावयाची ती लय. दुसऱ्या लीडमध्ये प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक आणि एकच पी असावा, तो सुलटा असावा, आणि प्रत्येक पीच्या मागून क्यूआरएस यावा. मग अंतरे. पीच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचे जे पीआर अंतर, ते तीन ते पाच लहान चौकटी, म्हणजे 0.12 ते 0.20 सेकंद भरावे. मधल्या गाठीतील विरामाचा हिशेब यातच येतो, आणि तो लांबला तर वाटेत कोठे तरी खोळंबा आहे असे अनुमान निघते. क्यूआरएसची रुंदी तीन लहान चौकटींच्या, म्हणजे 0.12 सेकंदाच्या आत असावी. ती रुंदावली तर हिसच्या जुडग्याची एखादी शाखा तुंबली असण्याचा संभव असतो. क्यूच्या आरंभापासून टीच्या अखेरीपर्यंतचे क्यूटी अंतर ठोक्यांच्या गतीनुसार कमीजास्त होते. गतीचा हिशेब धरून काढलेला त्याचा आकडा पुरुषांत साधारण 0.45 आणि स्त्रियांत 0.46 सेकंदांच्या आत असतो. नुसत्या नजरेने पाहावयाचे तर, ठोक्यांची गती मध्यम असता, टी हा लगतच्या दोन शिखरांच्या मध्यबिंदूच्या अलीकडे संपलेला असावा.

एवढे वाचून झाल्यावर साहजिकच असा प्रश्न मनात येतो की, हृदय एक, ठोका एक, तर कागदावर बारा निरनिराळी चित्रे कशासाठी? याचे उत्तर दवाखान्यातील त्या लोखंडी पलंगावरच मिळते. तंत्रज्ञ मनगटांना आणि पावलांवरच्या घोट्यांना चार चिमटे लावतो, आपल्याकडे बहुशः उजव्या हाताला तांबडा, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा आणि उजव्या पायाला काळा. शिवाय थंडगार जेलीचा ठिपका लावून छातीवर सहा रबरी फुगे चिकटवितो. त्या सहांच्या जागा ठरलेल्या आहेत. गळ्याखालच्या खळग्यापासून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली आणले की हाताला एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना दुसरी बरगडी. तेथून मोजत चौथ्या बरगडीखालच्या फटीत, हाडाच्या उजव्या कडेला पहिला फुगा आणि डाव्या कडेला दुसरा. चौथा एक फट खाली, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली ओढलेल्या कल्पित रेषेवर. तिसरा दुसऱ्या व चौथ्याच्या मध्ये. पाचवा आणि सहावा चौथ्याच्याच पातळीत काखेच्या दिशेने. अशा दहा जागांच्या परस्पर तुलनेतून यंत्र बारा लीड तयार करते. पहिल्या तीन लीड आयन्थोव्हन यांच्या आहेत आणि हातापायांमधील भेद मोजतात. छातीवरच्या सहांच्या जागा अमेरिकन व ब्रिटिश हृदयरोगसंस्थांनी 1938 साली मुक्रर केल्या. आणि एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ या तिघींची भर 1942 मध्ये गोल्डबर्गर यांनी घातली.

प्रत्येक लीड त्याच एका लाटेकडे निरनिराळ्या दिशेने पाहते. लाट तिच्या रोखाने येत असली तर रेघ वर जाते, तिच्यापासून दूर जात असली तर खाली. निरोगी हृदयात लाटेचा एकंदर ओघ वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे असतो. म्हणून पहिल्या व दुसऱ्या लीडमध्ये क्यूआरएस मुख्यतः वर, आणि उजव्या खांद्याकडून पाहणाऱ्या एव्हीआरमध्ये पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही उलटे. हा उलटेपणा हेच तेथले आरोग्य. तो दिसला नाही, किंवा पहिली लीड सगळीच उलटी दिसली, तर हृदयास दोष देण्याआधी हातांच्या तारा अदलाबदल झाल्या नाहीत ना ते पाहावे. छातीवरच्या सहांमध्येही, म्हणजे व्ही-1 ते व्ही-6 या लीडमध्ये, एक क्रम असतो: व्ही-1 मध्ये आर लहान आणि एस खोल, पुढे आर क्रमाने वाढत जाऊन व्ही-3 किंवा व्ही-4 च्या सुमारास दोन्ही तुल्यबळ होतात, आणि व्ही-5 मध्ये आर उंच व एस नाममात्र उरतो. दुसरी, तिसरी आणि एव्हीएफ या लीड हृदयाचा तळ पाहतात. व्ही-1 ते व्ही-4 पुढची बाजू व मधला पडदा. पहिली, एव्हीएल, व्ही-5 व व्ही-6 डावी कड. हृदयाच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो त्या भागाकडे पाहणाऱ्या लीडमध्ये मुख्यतः एसटीची रेघ आपली पातळी सोडते. म्हणून निरोगी आलेखात एसटी सर्वत्र मूळ रेघेच्या जवळपास समतल असणे याला एवढे महत्त्व.

जवळपास असे म्हणावयाचे कारण हे की, निसर्ग फूटपट्टीने आखलेला नाही. निरोगी तरुण पुरुषांत व्ही-2, व्ही-3 मध्ये एसटी थोडी उचललेली आढळते आणि तिच्यात काही वावगे नसते. व्ही-1 मध्ये टी उलटा असू शकतो. काही स्त्रियांत आणि तरुणांत तो व्ही-2, व्ही-3 पर्यंतही उलटा राहतो. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होणे हे तर तारुण्याचे लक्षण. अंतरे सारखी नाहीत म्हणून त्याची धास्ती घेऊ नये. नित्य श्रमाची सवय असलेल्या निरोगी माणसाचा विश्रांतीतील ठोका पुष्कळदा 60 च्या खाली राहतो, आणि चक्कर, मूर्च्छा किंवा थकवा यांची तक्रार नसली तर त्यात भिण्यासारखे काही नसते. उलट, थंडीने अथवा भीतीने अंग कापत असले, छातीला घाम असल्यामुळे फुगे नीट चिकटत नसले, किंवा भिंतीतील तारांचा 50 हर्ट्झचा प्रवाह यंत्रात शिरला, तर निर्दोष हृदयाचीही रेघ दातेरी उमटते. कागदाच्या डोक्यावर यंत्राने आपण होऊन छापलेला अभिप्राय, तो 'नॉर्मल' असो की 'ॲबनॉर्मल', हा गणिताने काढलेला मसुदा असतो. त्यावर डॉक्टरांची नजर फिरून सही होत नाही तोवर त्याला अंतिम निर्णयाची किंमत देऊ नये.

निर्दोष ईसीजीच्या साक्षीला किती कडक मर्यादा आहेत ते आता पाहू. एका ईसीजीत सामान्यतः दहा सेकंदांची नोंद असते. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे दिवसाच्या 8,640 भागांपैकी एका भागाची हकीकत त्या कागदावर आली, आणि तीही माणूस उताणा, स्वस्थ पडलेला असताना. आंजर्ल्याचे उदाहरण घ्यावयाचे तर, कड्यावरच्या गणपतीला आता गाडीरस्ता झाला असला तरी गावातून पाखाडीने चढून जाण्याचा परिपाठ पुष्कळांनी सोडलेला नाही. अशा चढणीवर पन्नाशी-साठीतल्या एखाद्या गृहस्थाच्या छातीवर दडपण येते, ते डाव्या हातात किंवा जबड्यात उतरते, दोन पायऱ्यांवर टेकून पाच मिनिटे बसले की जाते, आणि पुन्हा चढू लागले की परत येते. दुसऱ्या दिवशी तो दापोलीस जाऊन ईसीजी काढतो, आणि आलेख निर्मळ निघतो. यात यंत्राने लबाडी केलेली नाही. हृदयाला रक्त पुरविणारी धमनी अरुंद झाली असली तरी स्वस्थ पडलेल्या माणसाच्या हृदयाची गरज ती भागवू शकते; तुटवडा पडतो तो श्रमाच्या वेळी, आणि तो पाहावयाचा तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालत्या पट्ट्यावर चालवून घेतलेली तपासणी किंवा तत्सम इतर परीक्षा लागतात. छातीतील धडधड आठवड्यातून एकदाच होत असेल तर तिलाही दहा सेकंदांच्या पट्टीत पकडणे योगायोगाचे काम. तिच्यासाठी चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ अंगावर बाळगण्याचे होल्टर यंत्र असते.

याहून गंभीर गोष्ट ही की, प्रत्यक्ष हृदयविकाराच्या झटक्यातही पहिला ईसीजी कधी कधी निर्दोष असतो. म्हणून लक्षणे संशयास्पद असता शहाणे डॉक्टर रुग्णास घरी न धाडता थोड्या थोड्या वेळाने पुन्हा आलेख काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे ट्रोपोनिन तपासतात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर लक्षणे पुष्कळदा आडवळणाची असतात: नुसता दम लागतो, घाम फुटतो, पोटाच्या वरच्या भागात कळ येते, आणि घरचे लोक ओव्याचे पाणी नि सोडा देऊन 'गॅस असेल' म्हणून स्वस्थ बसतात. गेल्याच महिन्यात काढलेला निर्दोष ईसीजी पिशवीत आहे हे अशा वेळी त्या स्वस्थतेचे समर्थन ठरते. वास्तविक गेल्या महिन्याच्या दहा सेकंदांना आजच्या कळेविषयी बोलण्याचा काहीही अधिकार नसतो.

पूर्वी आंजर्ल्याच्या माणसाला हर्णैकडे यावयाचे तर तरीतून खाडी ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे. तरीही दापोली वीस-पंचवीस किलोमीटरवर, रस्ता वळणावळणांचा, आणि आलेखावर अधिकारवाणीने बोलणारा हृदयरोगतज्ज्ञ त्याहूनही दूर. रुग्ण आणि जाणकार यांच्यातील हे अंतर नवे नाही. आयन्थोव्हन यांचे अवजड यंत्र प्रयोगशाळेतून हलविता येईना, म्हणून 1905 साली त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयापर्यंत टेलिफोनची तार जोडून घेतली आणि रुग्णाच्या हृदयाची वीज तीवरून आपल्याकडे आणवली. आज मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने मोबाइल फोनला जोडता येईल असे हातात मावणारे ईसीजी यंत्र सिद्ध केले आहे. महाराष्ट्र शासनाच्या हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या 'स्टेमी' प्रकल्पातही लहान रुग्णालयात काढलेला आलेख दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवून त्याचा अभिप्राय तातडीने मागवण्याची व्यवस्था केलेली आहे. घरून फोटो पाठवावयाचा तर तोही नीट पाठवावा: कागद घडी उलगडून सपाट ठेवलेला, चारही कडा आत आलेल्या, नाव, तारीख, वेळ आणि प्रमाणाची चौकोनी खूण दिसणारी, आणि स्वतःच्या हाताची सावली वर न पडलेली.

निर्दोष ईसीजीचा सर्वांत मोठा उपयोग बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तो असा की, पुढे कधी आलेख संशयास्पद निघालाच तर तो नवा दोष की जन्मजात ठेवण, हे जुन्या आलेखाशी ताडून पाहिल्यावाचून कित्येकदा ठरत नाही. एसटीची जी किंचित उचल एका माणसात वीस वर्षे जशीच्या तशी आहे, तीच दुसऱ्यात आज सकाळी उत्पन्न झालेली असू शकते, आणि दोघांच्या उपचारांत जमीनअस्मानाचे अंतर पडते. अशा कागदाची जपणूक मात्र आपण फार वाईट करतो. आपल्याकडचे बहुतेक ईसीजी उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदावर उमटतात; प्लॅस्टिकच्या पिशवीत, उन्हात किंवा गाडीच्या काचेमागे ते राहिले तर रेघा विटतात, आणि टिकाऊ व्हावेत म्हणून कोणी लॅमिनेशन करून घेतले तर यंत्राच्या तापाने सबंध कागदच काळा ठिक्कर पडतो. तो हाती आल्याच्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढावी, एक फोटो फोनमध्ये आणि एक मुलाबाळांपाशी ठेवावा, मूळ कागद साध्या कागदी पाकिटात घालून वर तारीख लिहावी, आणि तो काढण्याचे कारण काय घडले होते तेही दोन ओळींत टिपून ठेवावे. छातीवर दडपण आले, घाम फुटला, दम कोंडला, तर त्या जुन्या कागदाच्या भरवशावर घरात बसून राहू नये. 108 ला फोन लावावा, आणि तो कागद बरोबर घेऊन निघावे.